निवडीचा न्याय

खेळांचा इतिहास लिहिणारे बहुधा विजयांचा इतिहास लिहितात. कोण पहिला आला, कोणाच्या गळ्यांत पदक पडलें, किती सेकंदांत शर्यत संपली, हें सर्व आंकड्यांनिशीं नमूद होतें, आणि तें योग्यही आहे. परंतु शर्यत सुरू होण्यापूर्वीं एक दुसरी शर्यत होऊन गेलेली असते, आणि तिची नोंद फारशी कोणी ठेवीत नाहीं. परदेशांतील सामन्यांस कोणास पाठवावयाचें, हें ठरविण्याची ती शर्यत होय. तींत धावणारे अनेक असतात, पंच मैदानाबाहेर बसलेले असतात, आणि हरणारास पुष्कळदा आपण केव्हां हरलों हेंही कळत नाहीं. या दुसऱ्या शर्यतीविषयीं आम्हांला येथें लिहावयाचें आहे. महाराष्ट्राच्या गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांच्या अनुभवावरून आमचें मत असें झालें आहे कीं, निवडलेला मनुष्य गुणी निघाला एवढ्यावरून निवड न्याय्य ठरत नाहीं. निवडीचें माप आधीं जाहीर असावें, तें लावतांना चूक झाल्याचा संशय आल्यास पुन्हा मोजून घेण्याचा मार्ग मोकळा असावा, आणि निवडलेल्यास पाठविण्याचा भार निवडणारांनीं उचलावा. या तीन गोष्टी असतील तरच निवडीस न्याय म्हणतां येईल.

आमच्या पाचोऱ्याच्या आसपास, किंबहुना साऱ्या खानदेशांत, गांवोगांवच्या यात्रांतून कुस्त्यांची दंगल भरते. मल्ल आखाड्याभोंवतीं फेरी घेतात. जाणते पंच वयाचा, उंचीचा, अंगलटीचा अंदाज घेतात आणि दोघांचे हात एकमेकांच्या हातांत देतात. जोड लागली! येथें तराजू नसतो, कागद नसतो, गुणांची बेरीज नसते. लहान पोरांची कुस्ती नारळावर किंवा रेवड्यांवर सुटते, मोठ्यांची इनामावर. तरीसुद्धां जोड लावण्यावरून फारसे तंटे होत नाहींत. याचें कारण उघड आहे. निवड सर्वांच्या देखत होते. जोड विषम असली तर भोंवतालचा समाज लगेच गलका करतो. मल्ल स्वतःही नाहीं म्हणूं शकतो. आणि ज्याला कोणी विचारलें नाहीं तो आखाड्यांत येऊन हात वर करूं शकतो. निवडणारे, निवडले जाणारे आणि पाहणारे एकाच वर्तुळांत बसलेले असतात, म्हणून तेथें डोळ्याचें माप पुरतें.

परंतु आखाडा लंडनास किंवा हेलसिंकीस, मल्ल कऱ्हाडास किंवा शिरपुरास, आणि पंच कलकत्त्यास किंवा दिल्लीस, अशी स्थिति आली म्हणजे हें वर्तुळ तुटतें. मग कोणी तरी कोणाचें तरी नांव सुचवितो, कोणी तें मान्य करतो, आणि बाहेरच्यास निकाल तेवढा वर्तमानपत्रांत वाचावयास मिळतो. आपल्या देशानें परदेशीं खेळाडू धाडावयास आरंभ केला, तेव्हांपासून ही अडचण आपल्यापुढें उभी राहिली.

तिचें पहिलें ठळक उदाहरण क्रिकेटमधलें आहे. १९११ सालीं पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखालीं सर्व हिंदुस्थानचा म्हणून एक संघ इंग्लंडला गेला. त्या काळीं मुंबईचें क्रिकेट समाजवार विभागलेलें होतें. पारशी, हिंदु, मुसलमान यांचे संघ निरनिराळे, आणि म्हणून देशाचा संघ निवडावयाचा तोही या समाजांच्या वांटण्या पाहूनच निवडला गेला. त्या संघांत बाळू पालवणकर हा डावखुरा मंदगति गोलंदाज होता. चर्मकार समाजांत जन्मलेल्या या माणसानें पुण्याला आधीं पारशांच्या व मग युरोपियनांच्या क्लबांत मैदानाची राखण करतां करतां गोलंदाजी साधली. गोऱ्या साहेबांस सरावासाठीं तो रोज चेंडू टाकीत असे, पण पुण्याच्या हिंदु संघांत त्याला घ्यावें कीं नाहीं, याचा खल व्हावा लागला. आणि घेतल्यावरही चहाच्या वेळीं त्याचा पेला वेगळा राहिला. इंग्लंडच्या त्या दौऱ्यांत इतरांस यश थोडें आलें, परंतु बाळूनें शंभरावर गडी बाद केले.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. बाळूच्या गुणाविषयीं कोणास शंका नव्हती. शंका होती ती निवडणारांच्या मनांत, स्वतःच्या रूढीविषयीं. इंग्लंडहून परतल्यावरही हिंदु संघाचें कर्णधारपद त्याला मिळालें नाहीं. वर्षामागून वर्षें त्याच्या मागाहून आलेल्यांकडे तें गेलें. अखेर १९२३ सालीं त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याच्याकडे तें पद आलें, आणि त्याच्या नेतृत्वाखालीं हिंदु संघानें मुंबईचे चौरंगी सामने जिंकले. गोलंदाज म्हणून निवडणें आणि नायक म्हणून निवडणें यांत या बारा वर्षांचें अंतर पडलें. पहिल्या निवडीला बळींची संख्या हें माप होतें. दुसरीला माप असें कांहीं नव्हतेंच, आणि जेथें माप नसतें तेथें रूढि बसते.

दुसरा प्रसंग ऑलिंपिकचा. पुण्यांत १९०६ सालीं डेक्कन जिमखाना स्थापन झाला होता. त्याच्या १९१९ सालच्या क्रीडासंमेलनाचें अध्यक्षस्थान सर दोराबजी टाटा यांच्याकडे होतें. जमशेटजी टाटांचे हे वडील चिरंजीव कांहीं काळ केंब्रिजला शिकलेले. तेथें मैदानी खेळांची गोडी त्यांना लागली होती, आणि विलायतेंतील धावपटूंच्या वेळा त्यांच्या परिचयाच्या होत्या. पुण्याच्या मैदानावर त्यांनीं शेतकरी तरुण अनवाणी धावतांना पाहिले. कित्येकांची लांब पल्ल्याची धाव युरोपांतील धावपटूंच्या धावेशीं ताडून पाहण्यासारखी होती. हे लोक १९२० च्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला पाठवावे, असें त्यांच्या मनानें घेतलें. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचें साहाय्य मिळालें, परवानगी आली, समिति नेमली गेली, वर्गणी जमूं लागली, आणि दोराबजींनीं स्वतः मोठी पदरमोड केली.

निवडीचा प्रश्न आला तेव्हांची एक हकीकत दोराबजींनीं पुढें आपल्या पत्रांत लिहून ठेविली आहे. शंभर मीटरांसारख्या लहान शर्यतीस किती वेळ लागावा असें आपणांस वाटतें, म्हणून त्यांनीं जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदास विचारलें. एक-दोन मिनिटें, असें उत्तर आलें. येथें मिनिटांचा नव्हे, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा हिशेब असतो, हें सांगितल्यावर ते गृहस्थ चकित झाले. या गोष्टीला हंसणें सोपें आहे. परंतु तींत त्या काळची खरी स्थिति दिसते. आमच्याकडे धावणारे होते, धावण्याचें कौतुकही होतें. नव्हतें तें माप. शर्यत म्हणजे शेजारच्याच्या पुढें जाणें, एवढीच आमची समजूत होती. जो माणूस समोर नाहीं, जो हजारों मैलांवर दुसऱ्या मैदानांत धावत आहे, त्याच्याशीं आपली तुलना करावयाची तर मध्यें घड्याळ पाहिजे, हा विचार नवा होता. समोर नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशीं आपल्या माणसाची जोड लावणें, हेंच परदेशीय स्पर्धांच्या निवडीचें मर्म आहे. आणि तें डोळ्यानें साधत नाहीं.

अखेर चार धावपटू व दोन मल्ल निवडले गेले. धावपटूंत बेळगांवचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी. मल्लांत कुमार नवले व रणधीर शिंदे. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमींपेक्षां लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरांची होती. चौगुले ती २ तास ५० मिनिटांच्या सुमारास पुरी करून एकोणिसावे आले. शिंदे यांनीं फेदरवेट गटांत चौथा क्रमांक मिळविला. पदक एका कुस्तीनें हुकलें. घाईनें जमविलेल्या, परक्या हवेंत उतरलेल्या सहा माणसांच्या मानानें हें यश लहान नव्हे.

म्हणून ती निवड चुकली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती कोणांतून झाली, हें विचारलें पाहिजे. ती झाली ती ज्यांचें नांव पुण्याच्या मैदानापर्यंत पोंचूं शकलें त्यांतून. त्या वेळीं गिरणेच्या किंवा तापीच्या कांठीं कोणी चौगुल्यांच्या तोडीचा धावणारा नव्हताच, असें कोण छातीठोकपणें सांगेल? पाचोऱ्याहून आगगाडी मुंबईस थेट जात होती. पुण्यास जावयाचें तर मनमाडला किंवा कल्याणला गाडी बदलली म्हणजे झालें. रेल्वे होती. पण अशी कांहीं चांचणी आहे ही वार्ता त्या गाडीनें खानदेशांत आली नाहीं, आणि आली असती तरी शेतांतला हंगाम टाकून, पदरचें भाडें भरून जाणारा शेतकरी विरळाच. निवडीची पहिली चाळण समितीच्या बैठकींत लागत नाहीं. कोणाला बोलावणें गेलें, येथेंच ती लागते. ज्याला बोलावणेंच नाहीं तो पराभूतांच्या यादींतही सांपडत नाहीं.

ही उणीव त्या काळच्या धुरीणांना दिसली होती, हें त्यांच्या पुढील उद्योगावरून कळतें. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपूर्वीं वाय. एम. सी. ए. चे नोरेन आणि मद्रासच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे संस्थापक बक या दोघां अमेरिकनांनीं दोराबजींच्या पाठिंब्यानें प्रांतोप्रांतीं फिरून क्रीडासंघटना उभ्या केल्या. प्रांतांच्या चांचण्यांतून पुढें आलेले खेळाडू फेब्रुवारी १९२४ मध्यें दिल्लीस जमले. तेथें सर्व हिंदुस्थानचे सामने झाले आणि त्यांतून पॅरिससाठीं आठ जण निवडले गेले. पथकाचे व्यवस्थापक बक हेच होते. १९२७ सालीं भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली व दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. गांवापासून प्रांतापर्यंत आणि प्रांतापासून देशापर्यंत एक शिडी असावी, प्रत्येक पायरीवर वरचा पाय ठेवण्याचा नियम एकच असावा, ही कल्पना येथें प्रथम मूर्त झाली. चार वर्षांपूर्वीं एका धनिकाची दृष्टि हें जें निवडीचें साधन होतें, त्याच्या जागीं आतां संस्था आली. आणि ती संस्था त्या धनिकानेंच आणली, हें दोराबजींचें मोठेपण आम्ही विशेष मानतों. आपल्या मर्जीनें करतां येण्यासारखें काम नियमाच्या हवालीं करणारे लोक जगांत थोडे असतात.

तथापि शिडी आली म्हणून सर्व कांहीं आलें असें नाहीं. नियमाची दुसरी बाजू हॉकीच्या इतिहासांत पाहावयास मिळते. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकसाठीं आंतरप्रांतीय सामन्यांतून हॉकीपटू निवडावयाचे ठरलें होतें. ध्यानचंद तेव्हां लष्करांत शिपाई होते आणि त्या सामन्यांसाठीं त्यांस पलटणीची रजा मिळाली नाहीं. नियमाप्रमाणें ते चांचणीस उतरले नाहींत, म्हणजे निवडीसही पात्र नाहींत. परंतु १९२८ च्या ॲम्स्टरडॅमचा त्यांचा पराक्रम ताजा होता. हॉकी संघटनेनें कोणतेंही सोपस्कार न करतां त्यांचें नांव संघांत घातलें. हा अपवाद सर्वांस रुचला आणि तो योग्यच होता, कारण ध्यानचंदांचें माप आधींच साऱ्या जगापुढें घेतलें गेलें होतें. मात्र यांतून एक धोक्याचा धडाही मिळतो. ज्याचें नांव झालें आहे त्याच्यासाठीं नियम वांकूं शकतो. ज्याचें नांव व्हावयाचें आहे त्याच्यासाठीं तोच नियम भिंतीसारखा उभा राहतो. नामवंताला अपवादाची सोय असेल, तर नवख्याला निदान फेरचांचणीची सोय असली पाहिजे.

ही फेरचांचणी महाराष्ट्राच्या एका मल्लानें मागितली आणि मिळविली. त्याची कथा या विषयांत मध्यवर्ती आहे. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १९२६ सालीं कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवीं झाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हां खर्चाचा मोठा वांटा कोल्हापूरच्या महाराजांनीं उचलला होता. तांबड्या मातींत वाढलेल्या या मल्लाला परदेशीय नियमांची गादीवरची कुस्ती नवी होती. तरीही फ्लायवेट गटांत ते सहावे आले. पुढच्या ऑलिंपिकसाठीं त्यांनीं चार वर्षें मेहनत केली आणि वजनाचा गट वाढवून बँटमवेटची तयारी केली.

१९५२ च्या हेलसिंकीसाठीं निवड व्हावयाची होती. मद्रासच्या राष्ट्रीय सामन्यांत आपणांस एक गुण मुद्दाम कमी दिला गेला आणि त्यामुळें आपलें स्थान हिरावलें गेलें, असें खाशाबांचें म्हणणें होतें. दुसरा एखादा मल्ल नशिबाला बोल लावून घरीं बसला असता. खाशाबांनीं भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष, पतियाळाचे महाराज यादविंदरसिंग यांच्याकडे दाद मागितली. त्यांनीं काय मागितलें तें पाहण्यासारखें आहे. मला निवडा, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. मला पुन्हा लढूं द्या, एवढेंच म्हटलें. महाराजांनीं प्रतिस्पर्ध्याशीं त्यांची कुस्ती पुन्हा लावविली, खाशाबांनीं ती जिंकली, आणि त्यांचें नांव पथकांत आलें. यात्रेंतील आखाड्यांत हात वर करून पुढें येणाऱ्या मल्लाचा जो हक्क, तोच येथें देशाच्या पातळीवर बजावला गेला.

निवड झाली, पण प्रवासाची सोय झाली नाहीं. खाशाबा हेलसिंकीस जावयाचे तर पैसे त्यांनींच उभे करावयाचे, अशी परिस्थिति होती. मुंबई सरकारकडे केलेली खटपट वेळेवर फळाला आली नाहीं. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनीं वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. आपल्या विद्यार्थ्यासाठीं घर गहाण टाकणारा प्राचार्य ही महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासांतील अभिमानाची गोष्ट आहे. पण देशाच्या व्यवस्थेच्या दृष्टीनें पाहिलें तर ती तितकीच लाजिरवाणी आहे. देशानें ज्याला आपला म्हणून निवडलें, त्याच्या तिकिटासाठीं एका शिक्षकाचें घर गहाण पडावें, याचा अर्थ निवड अर्धीच झाली होती.

हेलसिंकीस जुलै १९५२ मध्यें खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांस हरविलें. पुढें जपानच्या इशीशीं त्यांची दमछाक करणारी कुस्ती झाली व ती ते हरले. आणि लागलीच त्यांना सोव्हिएत रशियाच्या मामेदबेकोव्हशीं लढावयास उभें केलें गेलें. दोन कुस्त्यांमध्यें अर्ध्या तासाची विश्रांति द्यावी असा नियम होता, परंतु तो दाखवून हरकत घेणारा भारतीय पथकाचा कोणी अधिकारी त्या वेळीं जाग्यावर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्तीही हरले आणि कांस्यपदकाचे मानकरी झाले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें वैयक्तिक स्पर्धेंत मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. त्यानंतर दुसरें मिळावयास १९९६ साल, म्हणजे चव्वेचाळीस वर्षें, जावीं लागलीं. त्याच हेलसिंकीस कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटांत चौथे आले, हेंही येथें नमूद करणें अवश्य आहे. खाशाबा परतले तेव्हां शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनीं कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः लढले, आणि त्या उत्पन्नांतून प्राचार्यांचें घर सोडवून दिलें. ते १९८४ सालीं अपघातांत वारले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नांवें जाहीर झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर.

या कथेंत निवडीचे तिन्ही प्रश्न एकत्र आले आहेत. माप होतें, पण तें लावणाऱ्या हाताविषयीं संशय होता. दाद मागण्याचा मार्ग होता, पण तो एका महाराजांच्या दिलदारपणांतून जात होता. नियमाच्या पुस्तकांत नव्हता. आणि पाठविण्याचा भार निवडणारांनीं न उचलल्यामुळें तो एका घरावर पडला. खाशाबा पोंचले, म्हणून ही हकीकत आपणांस ठाऊक आहे. ज्यांना महाराज भेटले नाहींत आणि खर्डीकरही भेटले नाहींत, त्यांच्या हकीकती कोठें लिहिलेल्या नाहींत.

कोणी म्हणेल कीं, हीं गरीब देशाचीं दुःखें आहेत. जेथें पैसा आहे, यंत्रें आहेत, तेथें निवड आपोआप चोख होत असेल. म्हणून आम्ही वाचकांस क्षणभर अगदीं निराळ्या खेळाकडे नेतों. बर्फावर पोलादी पात्यांचे बूट घालून गिरक्या घेण्याचा, संगीताच्या तालावर उड्या मारण्याचा फिगर स्केटिंग हा खेळ युरोप, अमेरिका व जपान येथें फार लोकप्रिय आहे. त्याची जागतिक संघटना १८९२ सालची, म्हणजे आधुनिक ऑलिंपिकहूनही जुनी. या खेळांत घड्याळ नाहीं, कीं चितपट नाहीं. पंचांनीं दिलेल्या गुणांवर सर्व कांहीं अवलंबून. म्हणूनच तेथें निवडीचे नियम फार बारकाईनें लिहिलेले आहेत. जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत कोणत्याही देशाला एका प्रकारांत तीनांहून अधिक जागा मिळत नाहींत, आणि किती मिळावयाच्या तें त्या देशाच्या खेळाडूंच्या आदल्या वर्षाच्या क्रमांकांवर ठरतें. एकच खेळाडू गेला असेल आणि तो पहिल्या दोहोंत आला तर पुढील वर्षीं तीन जागा. पहिल्या दहांत आला तर दोन. १९९५ सालापासून चालू असलेल्या ग्रां प्रीच्या सहा स्पर्धांचीं निमंत्रणें अशींच आदल्या हंगामांतील क्रमांक व गुण पाहून दिलीं जातात. यजमान देशाला मात्र आपल्या कांहीं खेळाडूंस घेण्याची मोकळीक असते.

ही व्यवस्था पाहून असें वाटेल कीं येथें तक्रारीस जागाच नाहीं. परंतु नियमाचें शेवटचें टोंक पुन्हा माणसांच्या हातांत येतें. जागा मिळते ती देशाला. त्या जागेवर कोणास पाठवावयाचें, तें ज्या त्या देशाची संघटना ठरविते. जानेवारी २०१४ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेंत मिराई नागासू ही तिसरी आली. सोचीच्या ऑलिंपिकसाठीं जागा तीन होत्या. तरी समितीनें तिला वगळून चौथ्या आलेल्या ॲशली वॅग्नर हिला निवडलें. राष्ट्रीय स्पर्धेबरोबर आधींच्या मोठ्या स्पर्धांतील कामगिरीही पाहावयाची, असा तेथील नियम होता आणि त्या नियमाखालीं वॅग्नरचें पारडें जड ठरलें. निर्णय नियमाबाहेर नव्हता. पण एका संध्याकाळीं सर्वांच्या देखत तिसरी आलेली मुलगी घरीं राहिली आणि चौथी गेली, हें पाहणाऱ्यांच्या मनास बोंचलें. नागासूनें खेळ सोडला नाहीं. चार वर्षांनीं ती निवडली गेली, आणि २०१८ च्या ऑलिंपिकमध्यें ट्रिपल ॲक्सेल ही अवघड उडी साधणारी पहिली अमेरिकन स्त्री ठरली.

हीच देशाची जागा आणि खेळाडूचा हक्क यांतील ओढाताण महाराष्ट्रानें २०१६ सालीं पाहिली. तीन वेळां महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादव यांनीं २०१५ च्या जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळवून ७४ किलो गटांतील रिओ ऑलिंपिकची जागा भारताला मिळवून दिली. दोन ऑलिंपिक पदकांचे धनी सुशीलकुमार यांचाही तोच गट होता. जागा देशाची आहे, तेव्हां आम्हां दोघांत चांचणी कुस्ती लावा, अशी त्यांची मागणी होती. कुस्ती संघटनेनें ती मानली नाहीं आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयानेंही त्यांचा अर्ज फेटाळला. पुढें उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणीं बंदी आल्यामुळें यादव रिओच्या आखाड्यांत उतरूं शकले नाहींत, तो भाग निराळा. आमच्या विषयापुरता मुद्दा असा कीं, १९५२ सालीं खाशाबांना जी फेरकुस्ती मिळाली ती २०१६ सालीं सुशीलकुमारांना मिळाली नाहीं. आणि दोन्ही निर्णयांचें समर्थन करतां येतें. खाशाबांची तक्रार माप चुकीचें लावल्याची होती. सुशीलकुमारांची मागणी, माप एकदां लावून झाल्यावर दुसरें माप काढावें, अशी होती. जागा मिळविणाऱ्याचीच जागा, हा नियम आधीं ठाऊक असेल तर तो पाळलाच पाहिजे. चांचणीनें ठरवावयाचें असेल तर तेंही आधींच सांगितलें पाहिजे. कोणता नियम चांगला, याविषयीं सज्जनांत मतभेद होऊं शकेल. नियम केव्हां सांगितला जावा, याविषयीं होऊं नये.

येथवर पाहिलेल्या प्रसंगांत चांगल्या माणसांची वाण कोठेंच नव्हती. दोराबजी उदार होते, यादविंदरसिंग न्यायी होते, खर्डीकर तर थोरच. परंतु थोर माणसांच्या भरंवशावर चाललेली व्यवस्था ही त्यांच्यामागें टिकत नाहीं. एका प्राचार्याच्या घरावर देशाचें पदक उभें राहिलें याचा गौरव आपण करतों, आणि करावा. पण पुढच्या खाशाबाला तशा घराची गरज पडूं नये, ही त्या गौरवाची खरी फेड होय.

आज खानदेशांतील तालुक्याच्या गांवींही शाळांचे खेळ जिल्ह्याच्या स्पर्धांशीं आणि जिल्ह्याच्या स्पर्धा राज्याच्या स्पर्धांशीं जोडलेल्या आहेत. १९२० सालीं जें बोलावणें इकडे आलें नाहीं, तें आज येतें. आपल्या मुलामुलींस या शिडीवर चढविणाऱ्या आईबापांस आम्ही एवढेंच सुचवूं कीं, मूल निवडलें गेलें नाहीं तर त्याच्यासाठीं शब्द टाकावयास कोणाच्या दारीं जाऊं नये. निवड कोणत्या मापानें झाली तें मात्र निर्भीडपणें विचारावें, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावें. निवडणारांस हा प्रश्न अपमानाचा वाटतां कामा नये. आमच्या यात्रेंतले पंच जोड लावतांना साऱ्या गांवाच्या नजरा अंगावर घेतात, आणि त्यांतच त्यांचा मान आहे असें समजतात.